वहिनींचे दात

तीस वर्षं मी लोकांचे दात केले, पण कुणाच्या तोंडात कधी हात घातला नाही. ते काम डॉक्टरांचं. माझ्याकडे यायचं ते नुसतं माप, म्हणजे गुलाबी लगद्यात उमटलेली दातांची खूण. त्यात प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की सोडवायचं, की वरचा-खालचा मिळून पांढरा जबडा हातात. त्या जबड्यावर बेतून मग कवळी करायची. बुडाला पेन्सिलीने नाव लिहून जबडा फळीवर ठेवून द्यायचा, कारण माणसं कवळ्या मोडतात, हरवतात, एकाने तर शेजाऱ्याशी भांडताना फेकून मारली होती. असे चारशे-साडेचारशे जबडे माझ्या कारखान्यात भिंतभर बसून असायचे. कारखाना म्हणजे घरामागची एक खोली, उगाच मोठं नाव.

या धंद्यामुळे मित्र मला कवळ्या म्हणतात. मित्र म्हणजे दोघेच. विशीत आम्ही तिघे एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. एक वायरमन, त्याला दुसरं नाव कधी चिकटलंच नाही. दुसरा गवंडी. उंच, सडपातळ, आणि वाकडं काही बघवत नाही असा. कुणी ताटली तिरकी ठेवली तरी बोलता बोलता बोटाने सरळ करणार. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, त्याला ओळंबा म्हणतात. याचं नाव तेच पडलं. आणि ज्यांची खोली होती त्यांची मुलगी म्हणजे आमची ही. वायरमन अजून म्हणतो, "आम्ही खोली भाड्याने घेतली, या कवळ्याने पोरगी कायमची घेतली." दोघेही हिला तेव्हापासून ताईच म्हणतात.

गेल्या वर्षी ओळंब्याची बायको गेली, आमच्या वहिनी. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं संपलं. आणि यंदा आमचं जायचं ठरलं. मुलगी परदेशात असते, तिला दिवस गेलेत, माझे गुडघे बोलायला लागलेत. ती फोनवर म्हणाली, "बाबा, आता पुरे झाले दात. दोघं इकडे या, कायमचे." आधी मी आढेवेढे घेतले, मग घर विकलं. त्या दोघांना कळवलं तेव्हा वायरमन म्हणाला, "तीन दिवस येतो आम्ही. ताईला सांग, चहा कमी पडता कामा नये."

ते यायच्या चार दिवस आधी मी कारखाना आवरला.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांचा एक नियम होता. जबडा टाकायचा झाला तर फोडून टाकायचा. माणसाचं तोंड अख्खं उकिरड्यावर जाऊ द्यायचं नाही. मी तो नियम पाळला. एकेक जबडा पोत्यात घालायचा, वरून हातोडा. पहिले वीस-पंचवीस नावं वाचून फोडले, मग नावं वाचायचं सोडलं. तरीही वहिनींचा हातात आला तेव्हा मी थांबलो. नाव बघायची गरजच नव्हती. वहिनी शिवणकाम करायच्या. वर्षानुवर्षं दोरा दातांनी तोडून तोडून त्यांच्या वरच्या पुढच्या दाताला बारीक खाच पडली होती, सुईचं नाक असावं एवढी. खालचा एक दात जरा तिरपा वळलेला. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या दोन दाढा काढल्या होत्या, त्या मी करून दिल्या होत्या. तो जबडा मी खिडकीत बाजूला ठेवला.

दुपारी राडारोड्याची गाडी आली. गाडीवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. ही आतून ओरडत होती, अहो, आटपा. मी खिडकीतल्या वस्तू हाताने एकत्र ओढून पोत्यात लोटल्या. जुने ब्रश, मेणाचे तुकडे, आणि तो जबडा. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. विसरलो नव्हतो. दिसला होता. मनात म्हटलं, कुणाला हवाय आता, आणि हातोडा मारला.

ते दोघे आले तेव्हा घरात बसायला खोके आणि झोपायला गाद्या एवढंच उरलं होतं. हिने चार ताटल्या आणि चार कप बाहेर ठेवले होते. वायरमनने आल्या आल्या बूट काढायच्या आधी भिंतीवरच्या बटणांकडे बघितलं.

"हा बोर्ड कुणी बसवलाय रे? त्या माणसाला आत टाका."

"तूच बसवलायस," मी म्हटलं.

"मग छान बसवलाय," तो म्हणाला आणि 'स्वयंपाकघर' लिहिलेल्या खोक्यावर बसला. खोका करकरला. "ताई, यात काय आहे?"

"आता काही नाही," ही म्हणाली.

ओळंबा हसला. तो आधीपेक्षा बारीक झाला होता, शर्ट खांद्यावरून उतरत होता. पण इस्त्री कडक होती. वहिनी असताना त्या करायच्या, आता हा स्वतः करत असणार.

घर ज्यांनी घेतलं त्यांनी भिंती नीट करून मागितल्या होत्या. म्हणून खिळे काढून त्यांची भोकं मी कारखान्यातल्या उरलेल्या प्लास्टरने बुजवली होती. चहा पिता पिता ओळंबा उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"हे भोक भरलंयस की दात?" तो म्हणाला.

"सवय," मी म्हटलं.

त्याने हात उलटा करून बोटांची पाठ एका ठिपक्यावर टेकवली, मग दुसऱ्या. "ही दोन परवाची. हे काल संध्याकाळचं. आणि ते कोपऱ्यातलं आज सकाळी घाईत उरकलेलं."

सगळं बरोबर होतं. ही स्वयंपाकघराच्या दारातून बघतच राहिली. "कसं कळतं हो तुम्हाला?"

"ओलं प्लास्टर गार लागतं, ताई. वरून वाळल्यासारखं दिसतं, पण आतलं पाणी जायला दिवस लागतात. चाळीस वर्षं छतं केली, तेवढं तरी कळायला हवं."

"नाडी बघतोय भिंतीची," वायरमन म्हणाला. "विचार तिला, भूक लागते का."

आम्ही हसलो. तो दिवस हसण्यातच गेला. तीन म्हातारे आणि चार कप. खोलीतले ढेकूण, घरमालकांचा आवाज, वायरमनने चोरून घेतलेलं विजेचं कनेक्शन आणि त्या रात्री उडालेला सगळ्या गल्लीचा फ्यूज, सगळं उकरून काढलं. वहिनींचा विषय मात्र कुणी काढला नाही. आम्ही दोघांनी त्याच्यासाठी काढला नाही, आणि तो बहुधा आमच्यासाठी गप्प होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन अंघोळीला गेला, तशी ओळंब्याने माझ्या हातातली पत्र्याची पट्टी काढून घेतली आणि माझी भोकं नीट करायला लागला. मी शेजारी कालवलेलं प्लास्टर धरून उभा. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला,

"एक मागायचं होतं. देशील?"

"घर सोडून काहीही माग. ते विकलंय."

तो हसला नाही. "आमच्या हिचं माप आलं होतं ना तुझ्याकडे, दाढा केल्यास तेव्हा. ते पांढरं असतं ते, जबडा. तू ठेवतोस म्हणायचास सगळ्यांचे."

मी वाटीतलं प्लास्टर उगाच ढवळलं.

"काय आहे," तो म्हणाला, "घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत. पण सगळ्यात तोंड मिटलेलं. तो खालचा दात तिरपा होता ना, त्याची लाज वाटायची तिला. कॅमेरा दिसला की ओठ घट्ट. हसली की तोंडावर हात. चौतीस वर्षं मी तिला हसवलं, आणि ते हसू एका फोटोत नाही. परवा आठवायला लागलो, खाच उजवीकडच्या दाताला होती की डावीकडच्या, तर आठवेना. चौतीस वर्षं समोर होतं आणि आठवेना." त्याने पट्टी वाटीच्या कडेवर पुसली. "मग म्हटलं, कवळ्याकडे असणार. तिकडे नेण्यासारखं ते काही नाही. टाकायच्या आधी मागून घ्यावं. टाकले नाहीस ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. टाकला रे, फोडला, मीच फोडला, माझं चुकलं. एवढंच. तो काही मला मारणार नव्हता. पण तो वळून माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि तिथे 'टाकला' म्हणायला माझी जीभ उचलेना.

"आहे ना," मी म्हटलं. "खोक्यात बांधलाय. काढून देतो उद्या."

त्याचा चेहरा असा काही सैल झाला की मला तिथेच स्वतःची घाण वाटली. तो पुन्हा भिंतीकडे वळला आणि बाकीची भोकं त्याने शीळ घालत भरली.

हिला मी मागच्या खोलीत नेऊन सांगितलं. ती खोक्यावर बसली.

"जा आणि खरं सांगा," ती म्हणाली. "आत्ता. तो तुमचा मित्र आहे, गिऱ्हाईक नाही."

"खरं सांगून तो जबडा परत येणार आहे का?"

"नाही. पण तुम्ही तरी त्याला राहाल."

"एवढ्या लांबून तो तेवढ्यासाठी आलाय. रिकाम्या हाताने पाठवू?"

"रिकाम्या हाताने गेलेला परवडला," ती म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमच्या डोक्यात काय चाललंय? अहो, नको हं."

माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते ती तीस वर्षं ओळखून आहे. शिकाऊंना द्यायला म्हणून एक रबरी साचा मी टाकला नव्हता. त्यात प्लास्टर ओतलं की कुणाचाच नसलेला, अगदी सरळसोट जबडा निघतो. हिला मी म्हटलं, दुपारी दोघांना बाजारात घेऊन जा, प्रवासाचं काही घ्यायचंय म्हणून सांग. तिने चप्पल घातली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खोटं कशाला सांगू, काम सुरू केलं आणि मला मजा यायला लागली. रिकाम्या कारखान्यात जमिनीवर बसून मी ओतलं, थांबलो, सोडवलं, आणि छोट्या सुरीने कोरायला घेतलं. खाच उजवीकडच्या दाताला होती. ते मला आठवत होतं, आणि त्याला आठवत नव्हतं याचा, लाज वाटते सांगायला, थोडा गर्वही वाटला. खालचा दात खरवडून तिरपा वळवला. दोन दाढा काढून त्या जागी हिरडीचा उतार केला. जुनं प्लास्टर पिवळसर पडतं, म्हणून कोऱ्या चहात बुडवून काढलं. बुडाला पेन्सिलीने वहिनींचं नाव लिहिलं. आणि त्याखाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख टाकली. तारीख टाकताना हात जरासुद्धा थरथरला नाही. इतकी वर्षं ज्या हातांचा मला अभिमान होता तेच ते हात.

मग न्हाणीघराच्या खिडकीत, जिथे ऊन येतं तिथे, तो वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगला कोरडा दिसायला लागला.

त्यांची बस चारची होती. जेवणं झाल्यावर मी तो रुमालात गुंडाळून आणला. वायरमन एरवी मयतातसुद्धा गप्प बसत नाही, पण रुमाल बघितला आणि उठून गॅलरीत गेला. म्हणजे त्याला माहीत होतं. ओळंबा येताना बसमध्ये त्याच्याशी हेच बोलला असणार.

ओळंब्याने दोन्ही हात पुढे केले. मी जबडा त्याच्या तळव्यावर ठेवला. त्याने तो एकदा खालीवर केला, नाव वाचलं, तारीख वाचली. मग उजवा हात उलटा करून बोटांची पाठ त्यावरून हळूच फिरवली. मला वाटलं, वहिनींच्या गालावरून फिरवायचा तशी फिरवतोय. माझे डोळे भरून आले. माझ्याच कारागिरीवर माझे डोळे भरून आले, आता काय म्हणावं.

त्याने अंगठा त्या खाचेवर नेऊन ठेवला.

"उजवीकडच्या," तो म्हणाला.

"हो, उजवीकडच्या."

"नक्की ना?"

"ते नक्की," मी म्हटलं. आणि तेवढं खरंच नक्की होतं.

त्याने मान हलवली. "बराच त्रास घेतलास," तो म्हणाला. "बांधलेलं सामान पुन्हा सोडायचं म्हणजे."

"त्रास कसला."

ही दाराशी उभी होती. ओळंब्याने रुमालाची चारही टोकं सरळ जुळवून गाठ मारली, आणि हिला म्हणाला, "ताई, तिकडे थंडी असते म्हणतात. याच्या गुडघ्यांना लोकरीचं काही विणा." ही 'हो' म्हणाली आणि आत निघून गेली.

बस स्टँडवर वायरमनने खिडकीची जागा पकडली आणि तिथूनच ओरडून मला सूचना द्यायला लागला. विमानात पाणी भरपूर पी, तिकडे बटणं उलटी असतात, खाली दाबलं की लागतात की विझतात ते आधी बघून घे. त्याचा आवाज चिरकत होता. ओळंबा पायरीवर एक पाय ठेवून उभा. पिशवी खांद्याला, रुमाल हातात. पिशवीत ठेवलाच नव्हता त्याने.

कंडक्टरने चला म्हटलं. ओळंब्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, माझी कॉलर एका बाजूला वर आली होती ती सरळ केली, आणि माझ्या कानाशी वाकून अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"घरी गेलो की दोन-चार दिवस उन्हात ठेवतो हे. ओल आहे अजून आत. तसंच कपाटात ठेवलं तर बुरशी धरेल."

आणि वर चढला.

बस सुटली. वायरमनचा हात खिडकीबाहेर वळणापर्यंत हलत होता. चाळीस वर्षं प्लास्टरमध्ये हात घातलेल्या माणसाला मी कालचं प्लास्टर अकरा वर्षांचं म्हणून दिलं होतं. दोनच दिवसांपूर्वी त्याने माझ्यासमोर भिंतीला हात लावून वार सांगितले होते, आणि मी हसलो होतो. कळलं असूनही तो बांधून घेऊन गेला. त्याच्या घरी जाऊन नाही तर वळणापर्यंत धावत जाऊन तरी माफी मागायला हवी होती. गुडघे होते आड यायला, पण खरं म्हणजे गुडघे आड आलेच नाहीत. मी हललोच नाही.

घरी आलो तर ही चार कप धुऊन पुसत होती. तिने विचारलं, "कळलं त्याला?" मी मान हलवली. तिने शेवटचा कप कागदात गुंडाळला आणि खोका माझ्याकडे सरकवला. चिकटपट्टी लावायला.

इथे येऊन आता पाच महिने झाले. नातू झाला. त्याला अजून दात नाहीत, त्यामुळे आमचं बरं जमतं. दर रविवारी मी ओळंब्याला फोन करतो. दर वेळी आधी सगळं मनात जुळवून ठेवतो: हे बघ, मी तो फोडला होता, तू मागितलास तेव्हा मला खरं सांगायचं सुचलं नाही, माझं चुकलं. फोन लागतो, तो 'काय कवळ्या' म्हणतो, आणि मी हवेबद्दल विचारतो. तो हवा सांगतो. इकडची हवा मी सांगतो. गेल्या रविवारी मी एवढंच विचारू शकलो, "वाळलं का ते?"

"कधीच," तो म्हणाला. "छान वाळलं. खिडकीत ठेवलंय, तिच्या मशीनशेजारी. परवा नात आली होती, तिने हातात घेतलं. विचारत होती, आबा, हे कुणाचे दात?"

"मग?"

"म्हटलं, माझ्या मित्राने केलेत."

मग तो म्हणाला, तिकडे पाऊस पडतोय का, आणि मी म्हटलं, नाही, आज ऊन आहे.